खाऱ्या हवेतला शांत कॉम्प्युटर

कोकणात घरच्या घरी आवाज रेकॉर्ड करायचा तर अर्धं वर्षच हाताशी असतं. जूनपासून कौलांवर पाऊस वाजत असतो, आणि तो थांबला की बेडूक सुरू होतात. काम होतं ते दिवाळीनंतर. खरी गर्दी शिमग्यापासून मे अखेरपर्यंत, कारण नमनाचे, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचे खेळ त्याच दिवसांत होतात आणि मुंबईची मंडळीही मे महिन्यात गावी येतात. म्हणजे शांतता मिळते तेव्हा उकाडाही असतो. माइक चालू झाला की छताचा पंखा बंद, खिडकी बंद. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीत आमचं घर आहे. त्यातली पूर्वीची बाळंतिणीची खोली मी रेकॉर्डिंगसाठी घेतली आहे. जांभ्याच्या जाड भिंती, एकच लहान खिडकी, आणि तीही समुद्राकडे नाही. एप्रिलच्या दुपारी तिथे ३३ अंश होतात. ओव्या म्हणणाऱ्या आजी घाम पुसत बसलेल्या असतात, आणि त्यांच्या आवाजाखालोखाल माइकला ऐकू येतो तो कॉम्प्युटर.

म्हणून नवा कॉम्प्युटर सुटे भाग घेऊन जुळवायचं ठरवलं तेव्हा माझा बहुतेक वेळ प्रोसेसर निवडण्यात न जाता पंखे आणि पाण्याने थंड करणारे भाग निवडण्यात गेला. ज्यांना किनाऱ्यावर राहून असंच काही करायचं असेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे, कारण या विषयावर मला जे वाचायला मिळालं ते सगळं कोरड्या, थंड देशातल्या लोकांनी लिहिलेलं होतं.

आधी एक प्रश्न निकालात काढते, कारण तो हमखास विचारला जातो. मशीन शेजारच्या खोलीत ठेवून नुसत्या वायरी आत का आणत नाही? एका बाजूला माजघर आहे, तिथे दिवसभर माणसांची वर्दळ. दुसऱ्या बाजूची पडवी समुद्राच्या तोंडाला. तिथे मशीन ठेवणं म्हणजे ते मिठात घालून ठेवणं. आणि आजोबांनी बांधलेली भिंत फोडायला माझं मन तयार नव्हतं.

मीठ हाच आमच्याकडचा पहिला प्रश्न आहे, उष्णता नंतरची. हे उलटं वाटेल. पण नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आमच्याकडे तो ३३-३४ च्या पुढे क्वचितच सरकतो. आपल्याला इथे जास्त त्रास होतो तो दमटपणामुळे घाम वाळत नाही म्हणून. कॉम्प्युटरला घाम येत नाही. त्याच्या रेडिएटरला, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या भागाला, फक्त हवेचं तापमान कळतं, आर्द्रतेशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्या हिशेबाने कोकणची हवा मशीनला विदर्भापेक्षा कितीतरी सुखाची आहे.

मिठाचं मात्र तसं नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते त्याच्याही कितीतरी आधी ओलं होतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत जे दिसतं तेच पंख्यावर बसलेल्या धुळीत घडत असतं. ती धूळ ओली होते, वीजवाहक होते आणि धातू खायला लागते. माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या कूलरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी धरली होती आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूंना तांबूस गंज चढला होता. भुकटी धरलेल्या पट्ट्यांमधून हवा नीट जात नाही. हवा जात नाही म्हणून पंखा जोरात फिरतो, आणि जोरात फिरला की वाजतो. किनाऱ्यावर गंज आणि आवाज एकमेकांना असे बांधलेले आहेत, म्हणून प्रत्येक भाग घेताना मी आधी त्याचा धातू पाहिला आणि मग डेसिबल.

डेसिबलच्या आकड्यांबद्दलही थोडं सांगायला हवं. खोक्यावर २२ लिहिलेलं असतं ते एका सुट्या पंख्याचं, समोर काही अडथळा नसतानाचं. तोच पंखा रेडिएटरला किंवा जाळीला टेकवला की हवा पट्ट्यांवर आपटते आणि आवाज वेगळाच येतो. शिवाय तो आकडा आवाजाचा सूर सांगत नाही, आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याला तर सूर डेसिबलपेक्षा महत्त्वाचा. सुसाट्यासारखा, सगळ्या पट्टीत सारखा पसरलेला आवाज सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी काढता येतो. एका सुरावर गुणगुणणारा पंखा काढताना माणसाचा आवाजही खरवडला जातो.

यात एक सोपा गुणाकार आहे, तो मला फार उपयोगी पडला. पंख्याची पाती गुणिले मिनिटाचे फेरे भागिले ६० केलं की त्याचा मूळ सूर हर्ट्झमध्ये मिळतो. नऊ पात्यांचा पंखा १२०० आरपीएमने फिरला तर १८० हर्ट्झ. बायकांच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो. म्हणजे १२०० वर फिरणारा तो पंखा आजींच्या ओवीच्या ऐन मधोमध येऊन बसतो. तोच ६०० वर आणला की सूर ९० हर्ट्झवर उतरतो आणि त्याला खालून कापणारा साधा फिल्टर लावला की गळ्याला धक्का न लागता निघून जातो. पुरुषांचा आवाज आणखी खालच्या पट्टीत असतो, तिथे हा फिल्टर जपून लावावा लागतो. आजींच्या ओवीला जे चालतं ते बुवांच्या आवाजाला चालत नाही.

मी चार-पाच प्रकारचे पंखे एकेक करून मागवले आणि माझ्याच माइकसमोर, रात्री घर झोपल्यावर, वेगवेगळ्या गतींना फिरवून रेकॉर्ड केले. ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आवाजाचा आलेख काढून देतं. त्यात सूर टोकदार शिखरासारखा उभा राहतो, शोधावा लागत नाही. स्वस्त आणि नावाजलेला एक पंखा एका विशिष्ट गतीला असा गुंजायचा की आलेख न बघताही कळावं. त्या गतीच्या खाली आणि वर तो अगदी चांगला होता. पाण्याधुळीपासून बंदिस्त केलेले, आयपी६७ दर्जाचे पंखेही मिळतात, आणि खारी हवा म्हटल्यावर माझी पहिली ओढ तिकडेच होती. पण मी मागवलेला मुळात जास्त गतीसाठी बनवलेला होता आणि हळू फिरवला तरी त्याचा सूर खरखरीत राहिला. शेवटी मी नॉक्टुआ कंपनीचा एनएफ-ए१२एक्स२५ घेतला. १२० मिलिमीटरचा, नऊ पात्यांचा. त्याच्या पात्यांची टोकं आणि चौकट यांच्यात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट असते. फट कमी असली की दाबाखाली हवा टोकांवरून मागे निसटत नाही. रेडिएटरसारख्या अडथळ्यातून हवा ढकलायची असेल तर हा गुण मोलाचा. एवढी बारीक फट ठेवायची तर पातं वर्षानुवर्षं फिरून ताणलं जाऊन चालत नाही, म्हणून त्याचं प्लास्टिकही खास ताठ असतं. किंमत मात्र चांगलीच आहे, आणि त्याचा तपकिरी रंग घरात कोणालाच आवडलेला नाही.

बेअरिंगचाही विचार केला. साध्या स्लीव्ह बेअरिंगचे पंखे नवे असताना शांत असतात, पण उष्णतेत आणि आडवे बसवल्यावर लवकर झिजतात. माझ्या कॅबिनेटमध्ये वरचे पंखे आडवेच बसणार होते, म्हणून तेलाच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या, फ्लुइड डायनॅमिक जातीच्या बेअरिंगच्या खाली मी उतरले नाही.

आता पाण्याकडे येते. खरं सांगायचं तर माझ्या प्रोसेसरला पाण्याची गरज नव्हती. रायझेन ९ ७९०० हा १२ कोरचा असूनही ६५ वॉट गटातला आहे आणि भरात आला तरी ८८ वॉटच्या आसपास थांबतो. चांगला हवेचा कूलर त्याला पुरला असता. अडचण होती ग्राफिक कार्डाची. नमनाचे व्हिडिओ संपादित करायला आरटीएक्स ४०७० हवं होतं, ते २०० वॉटपर्यंत जातं आणि त्याच्यावर कंपनीने बसवलेले छोटे पंखे हे आजकालच्या बहुतेक कॉम्प्युटरमधले सर्वांत आवाजी भाग असतात. ते काढून टाकायचे तर कार्डाला पाण्याचा ब्लॉक, म्हणजे आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा, लावणं हा मला पटलेला मार्ग होता. बाजारात तयार मिळणारे बंद लिक्विड कूलर बहुतेक प्रोसेसरसाठीच असतात, त्यांचे रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात आणि आतलं पाणी कमी झालं तर बहुतेकांत भरता येत नाही. या कारणांमुळे मी सुट्या भागांचा लूप निवडला, म्हणजे पंप, ब्लॉक आणि रेडिएटर नळ्यांनी जोडून त्यांतून पाणी फिरत ठेवायचं.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटातली गोष्ट केली. कार्डाची विजेची मर्यादा सॉफ्टवेअरमधून १५० वॉटवर आणली. व्हिडिओ तयार व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, पण तेव्हा मी बाहेर असते. शांततेची सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे, कारण जी उष्णता तयारच होत नाही तिच्यासाठी पंखा लागत नाही.

मग प्रोसेसर आणि कार्ड मिळून उरते साधारण २४० वॉट उष्णता. ती किती रेडिएटरमधून काढायची, या एका निर्णयावर सगळी शांतता ठरते. पंख्याची गती निम्मी केली की आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो. पंख्यांची संख्या दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतो. हवा मात्र गती आणि संख्या दोन्हींच्या सरळ प्रमाणात जाते. म्हणजे तीन पंखे १६०० वर फिरवण्याऐवजी सहा पंखे ८०० वर फिरवले तर तेवढीच हवा मिळते आणि आवाज १२ डेसिबलनी कमी. कानाला १० डेसिबलची घट निम्म्यासारखी वाटते, त्यामुळे १२ म्हणजे खूपच. हे समजल्यावर सर्वांत शांत पंखा कोणता हा प्रश्न माझ्यासाठी दुय्यम झाला. कॅबिनेटमध्ये जास्तीत जास्त किती रेडिएटर मावतो ते आधी पाहायचं आणि पंखा त्यानंतर.

म्हणून समोर एक आणि वर एक असे दोन ३६० मिलिमीटरचे रेडिएटर घेतले, एकूण सहा पंखे. रेडिएटर निवडताना पट्ट्या किती दाट आहेत ते बघावं. दाट पट्ट्यांचा रेडिएटर जोरदार पंख्यासमोर जास्त उष्णता काढतो, पण हळू पंख्याची हवा त्यातून पलीकडे जातच नाही. मला विरळ पट्ट्यांचा, थोडा जाड हवा होता. ब्लॅक आइस नावाने रेडिएटर विकणारी हार्डवेअर लॅब्स ही कंपनी फिलिपिन्समधली आहे, त्यांच्याकडे खास कमी गतीच्या पंख्यांसाठी बनवलेली मालिका आहे. दमट बेटांवरच्या लोकांनी बनवलेली वस्तू म्हणून माझा तिच्यावर जीव आधीच जडला होता. ती वेळेत मिळाली नाही आणि मी जर्मन बनावटीचे, तांब्याच्या पट्ट्यांचे आणि वरून रंग दिलेले घेतले. रंग नीट लागलेला असणं इथे फार गरजेचं आहे. पार्सल उघडल्यावर मी बॅटरीच्या उजेडात प्रत्येक कोपरा पाहिला.

दोन्ही रेडिएटर हवा आत ओढतील असेच बसवले. सहसा वरचे पंखे हवा बाहेर टाकतात, पण मग कॅबिनेटच्या फटींमधून खारी हवा चाळणीशिवाय आत येते. सगळे पंखे आत ढकलणारे ठेवले की आत दाब राहतो आणि प्रत्येक फटीतून हवा बाहेरच जाते. सगळी हवा जाळीतून गाळून येते, आणि जाळी काढून गोड्या पाण्याने धुता येते. शिवाय दोन्ही रेडिएटरना खोलीतली ताजी हवा मिळते, एकाची ऊन झालेली हवा दुसऱ्याला जात नाही.

धातूंच्या बाबतीत मी हट्टी राहिले. लूपमध्ये तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा, एवढंच. ॲल्युमिनियमचा एकही तुकडा नाही. तांबं आणि ॲल्युमिनियम एका पाण्यात आले की त्यांच्यात बारीकसा विजेचा घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या संचांमध्ये रेडिएटर हमखास ॲल्युमिनियमचा निघतो, तेव्हा वर्णनात धातू लिहिलेला नसेल तर घेऊ नका. नळ्या काळ्या ईपीडीएम रबराच्या घेतल्या. पारदर्शक नळ्या दिसायला सुंदर असतात, पण साध्या पीव्हीसीतून कालांतराने प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य पाण्यात उतरतं आणि ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतं. काळ्या नळीतून उजेड जात नाही आणि उजेड नसला की शेवाळ धरत नाही. आमच्याकडे विहिरीच्या काठापासून अंगणातल्या फरशीपर्यंत सगळीकडे शेवाळ धरतं, त्यामुळे हे कारण मला कोणी समजावून द्यावं लागलं नाही. पाणी म्हणून गंजरोधक आणि जंतुरोधक घातलेलं तयार, रंगहीन कूलंट घेतलं. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर कितपत शुद्ध असतं याची खात्री देता येत नाही, ते वापरलं नाही.

पंप डी५ जातीचा. त्याची गती १८०० ते ४८०० आरपीएमपर्यंत बदलता येते आणि मी तो खालच्या टोकाजवळ ठेवला आहे. त्याने कूलिंग बिघडत नाही, हे हिशेबानेच दिसतं. तासाला २०० लिटर पाणी फिरलं आणि त्यात २४० वॉट सोडले तरी पाणी आत जाताना आणि बाहेर येताना जेमतेम एक अंशाचा फरक पडतो. पंप दुप्पट जोरात चालवून मिळणार तो त्यातला अर्धा अंश. पंपाखाली रबराचा जाड तुकडा घातला, कारण पंपाचा आवाज हवेतून येण्याआधी पत्र्यातून येतो.

सामान जमवणं हे काम वेगळंच. काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, काही ऑनलाइन. नळ्यांची फिटिंग्ज माझा डोंबिवलीचा भाचा गणपतीला येताना घेऊन आला. गाडीतून उतरल्याबरोबर पिशवी माझ्या हातात देत म्हणाला, "आत्या, मोदकाच्या साच्यापेक्षा जास्त जपून आणलंय." आरत्या, भजनं आणि पाहुणे यांच्यामध्ये आम्ही दोघांनी लूप जुळवला. पाणी भरण्याआधी हवा भरून तपासणी केली. गेज लावलेल्या छोट्या पंपाने अर्ध्या बारपर्यंत दाब द्यायचा आणि काटा हलतो का ते बघायचं. एका फिटिंगची रबरी रिंग नीट बसलेली नव्हती, ती या तपासणीत कळली, आणि बोर्डावर एक थेंबही न सांडता दुरुस्त झाली. नंतर एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, २४ पिनी जोडाला जंपर लावून फक्त पंप चालवला, बाकी कशालाच वीज नाही. डी५ कोरडा चालवायचा नसतो, त्याचं बेअरिंग पाण्यानेच ओलं राहतं. म्हणून टाकी भरायची, क्षणभर पंप, परत टाकी भरायची. बुडबुडे निघेपर्यंत तो गुळगुळ आवाज करतो. कॅबिनेट चारी बाजूंना कलवत राहिल्यावर तो हळूहळू जातो.

घरातल्या मोठ्यांना भीती होती ती दवाची. थंड पाण्याच्या नळ्या, वर एवढा दमटपणा, म्हणजे मशीनमध्ये पाणी ठिबकणार. तसं होत नाही. रेडिएटर खोलीच्याच हवेने थंड होतो, त्यामुळे लूपमधलं पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही, आणि खोलीपेक्षा गार नसलेल्या वस्तूवर दव धरत नाही. धोका आहे तो एसीच्या खोलीत थंड झालेलं मशीन एकदम बाहेरच्या दमट हवेत नेऊन चालू करण्यात.

पंख्यांची गती कशावरून ठरवायची, यात पाण्याचा खरा फायदा दिसतो. नेहमी पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालतात. प्रोसेसर एका क्षणात २० अंश उडी मारतो आणि पंखा लगेच फुरफुरतो. कानाला आणि माइकला हा चढउतारच सर्वांत खुपतो. मी पाण्यात सेन्सर बसवला आणि पंखे त्याच्यावर बांधले. लूपमध्ये लिटरभर पाणी आहे, ते २४० वॉटनेही मिनिटाला साडेतीन अंशांपेक्षा वेगाने तापू शकत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना पंखे ५०० वर असतात आणि तिथेच राहतात. मे महिन्यात, खोली ३३ अंशांवर असताना, व्हिडिओचं पूर्ण काम लावलं तर पंखे ८०० वर जातात आणि पाणी ४३ च्या आसपास थांबतं. पंपाची मर्यादा ६० अंशांची आहे, म्हणजे हातात भरपूर जागा शिल्लक आहे. एकाच गतीचे पंखे शेजारी असले की त्यांच्या किंचित फरकाने आवाज लाटेसारखा वरखाली होतो. तो घालवायला समोरचे तीन आणि वरचे तीन मुद्दाम ३० आरपीएमच्या अंतराने ठेवले.

पंखे गप्प झाल्यावर कार्डाच्या कॉइलची बारीक कुईं ऐकू यायला लागली. ती आधीही होतीच, पंख्यांखाली दबलेली. विजेची मर्यादा कमी ठेवल्याने ती बरीच सौम्य झाली आणि रेकॉर्डिंगच्या वेळी कार्डाला फारसं काम नसल्यामुळे माइकपर्यंत येत नाही. हार्ड डिस्क मात्र खोलीतून बाहेर काढून माजघरातल्या कपाटात नेल्या. आता आलेखात सर्वांत वर जे उरतं ती भिंतीपलीकडून येणारी समुद्राची गाज, आणि ती काढून टाकायची माझी इच्छा नाही.

देखभालीचं वेळापत्रक पावसावर बांधलं आहे. मे संपता संपता कॅबिनेट उघडून रंगाच्या मऊ ब्रशने पाती आणि पट्ट्या झाडायच्या, स्क्रूंच्या डोक्यांवर पारदर्शक लॅकरचा हात द्यायचा, टाकीतलं पाणी किती उतरलं ते पाहायचं. पावसाळ्यात काम नसलं तरी मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवते. ऊब असली की आतल्या भागांवर ओल धरत नाही. जाळी दर पंधरवड्याला धुते, वारा मोठा असेल तर आधीच.

भाच्यालाही आता असाच लूप हवा आहे. तो खेळ खेळतो, एसीच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. त्याला मी पाण्याच्या भानगडीत पडू नको म्हटलं. मोठा हवेचा कूलर, १४० मिलिमीटरचे तीन चांगले पंखे आणि कार्डाची विजेची मर्यादा थोडी खाली, एवढं त्याला पुरेल, आणि उरलेल्या पैशांत चांगला माइक येईल.